एकाच डब्यातले दोन रंग

ऊसतोड सुरू झाली की शेवगावहून भेंड्याकडे, पाथर्डीकडे, गेवराईकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. वळणावर ट्रॅक्टर रुंद फिरतो, पण मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापत येते. तेवढ्यात शेजारून एखादी चंदेरी बोलेरो निघालेली असते. ट्रॉलीचा लोखंडी कोपरा दाराला घासतो, पत्र्याला पोचा पडतो आणि हातभर लांब ओरखडा उठतो. यात नवल काही नाही. नवल पुढे आहे.

गाडी गॅरेजला जाते. डेंटर पोचा काढतो, पेंटर पुट्टी भरून घासतो, प्राइमर मारतो, गाडीच्या कोडप्रमाणे मिसळून आणलेला रंग मारतो, वर लॅकर चढवतो. संध्याकाळी शेडमधल्या ट्यूबलाइटखाली दार झकास दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तिरप्या उन्हात उभी राहते आणि मालकाच्या कपाळाला आठी पडते. पुढचं दार एकीकडे, बाकी गाडी दुसरीकडे. दोन पावलं बाजूला सरकून पाहिलं तर फरक जवळजवळ नाहीसा होतो, आणखी दोन पावलं गेलं की परत दिसतो. कोड बरोबर आहे, डबा चांगल्या कंपनीचा आहे, पेंटर वीस वर्षांचा अनुभवी आहे. मग चुकलं कुठे?

बहुतेक वेळा डब्यात काहीच चुकलेलं नसतं. रंग हा डब्यात तयार होत नाही, तो पत्र्यावर तयार होतो. बंदुकीतून निघून पत्र्यावर बसेपर्यंत आणि तिथून डोळ्यापर्यंत येईपर्यंत त्याचं बरंच काही होतं. ते समजलं की चांगला पेंटर दाराशेजारच्या धडधाकट पत्र्यालाही हात का लावतो, हेही समजतं.

कारखान्यात चढलेले चार थर

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. कारखान्यात उघडा सांगाडा आधी धुऊन त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करतात आणि मग तो अख्खा रंगाच्या हौदात बुडवून वीजप्रवाह सोडतात. विजेच्या ओढीने हा पहिला थर पत्र्याच्या फटीफटीत जाऊन बसतो. गंजापासून खरं संरक्षण त्याचं. तो १६० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला जातो. त्यावर प्राइमर-सरफेसर, त्यावर आपण ज्याला रंग म्हणतो तो बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, म्हणजे गॅरेजच्या बोलीतलं लॅकर. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडं जास्त. त्यातही प्रत्यक्ष रंगाचा थर जेमतेम १२ ते २० मायक्रॉनचा. गाडी चंदेरी की लाल हे ठरवणारा पदार्थ माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो.

कारखान्यातला वरचा रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत पक्का होतो. तयार गाडी मात्र त्या भट्टीत घालता येत नाही. तिच्यात टायर, वायरिंग, सीट, काचेची रबरं असं सगळं असतं. म्हणून दुरुस्तीच्या रंगाची रसायनंच वेगळी. लॅकरमध्ये हार्डनर मिसळतात, त्या दोघांची रासायनिक क्रिया होते आणि थर साध्या हवेत रात्रभरात किंवा ६० अंशांच्या बूथमध्ये अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतो. म्हणजे कारखान्याचा रंग आणि गॅरेजचा रंग दिसायला भावंडं असली तरी त्यांचं घराणं एक नाही. एकाची नक्कल दुसऱ्यात बसवायची असते.

हा पेच गाड्यांच्या सुरुवातीच्या काळात नव्हता. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघे, त्यामुळे जुळवायचं ते काय! इतर गाड्यांचे रंग वार्निशासारखे हाताने चढवले जात आणि वाळायला आठवडे लागत. १९२३च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने जनरल मोटर्ससाठी ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. तो बंदुकीने फवारता येई आणि तासांत वाळे. आपल्याकडे जुने कारागीर फवारून मारलेल्या रंगाला आजही सरसकट ‘ड्यूको’ म्हणतात, ते त्या डब्यावरच्या नावावरून. आपल्याकडची एक मोठी रंगकंपनीही जवळपास त्याच वयाची. मुंबईच्या लोअर परळमध्ये १९२० साली गहागन पेंट्स अँड व्हार्निश ही कंपनी निघाली. तिची पुढे गुडलास नेरोलॅक झाली आणि आज ती कन्साई नेरोलॅक म्हणून ओळखली जाते. देशातल्या गाड्यांच्या कारखान्यांना रंग पुरवणाऱ्यांत तिचं नाव वरचं आहे.

कोड काय सांगतो

प्रत्येक गाडीवर रंगाचा कोड असतो. कुठे बॉनेटखालच्या पट्टीवर, कुठे दाराच्या खांबावर. मारुतीच्या गाडीवर २६यू दिसलं तर ती सुपीरियर व्हाइट, झेड२एस दिसलं तर सिल्की सिल्व्हर. दुकानदार हा कोड संगणकात घालतो आणि पाककृती समोर येते. या टिंटरचे इतके ग्रॅम, त्या टिंटरचे इतके. डबा वजनकाट्यावर ठेवून एकेक टिंटर ओततात.

पण एका कोडाखाली बहुधा एकच पाककृती नसते. तीच गाडी दोन कारखान्यांत बनते, रंगाचे पुरवठादार दोन असतात, वर्षागणिक रंगद्रव्यांच्या खेपा बदलतात. म्हणून रंगकंपन्या मूळ पाककृतीसोबत ‘व्हेरिएंट’ देतात. एक किंचित निळसर, एक किंचित पिवळसर, एक जाड दाण्याचा. कोड आपल्याला गल्लीपर्यंत नेतो, घर आपणच शोधायचं असतं.

बंपरचा घोळ आणखी वेगळा. तो प्लास्टिकचा. पत्र्याची भट्टी त्याला सोसत नाही, म्हणून तो बऱ्याचदा वेगळ्या जागी, वेगळ्या रंगाने, कमी तापमानाला रंगवला जातो आणि मग गाडीला बसतो. शोरूममधून निघालेल्या कोऱ्या गाडीचाही बंपर आणि फेंडर शेजारी शेजारी नीट पाहा. चंदेरी किंवा मोतिया रंग असेल तर फरक कित्येकदा तिथेच सापडतो.

दुसरी अडचण वजनकाट्याची. गाव लहान, काम एका दाराचं, म्हणून पेंटर १०० मिलिलिटर रंग मागवतो. समजा, पाककृतीत तेवढ्या रंगाला काळ्या टिंटरचे ०.३ ग्रॅम लागतात आणि काटा ०.१ ग्रॅमपर्यंतच वाचतो. मग ०.०५ ग्रॅमची चूक काट्याला दिसतही नाही, पण ती त्या काळ्याच्या एक षष्ठांश आहे. हाच रंग एक लिटर केला तर काळा ३ ग्रॅम लागेल आणि तेवढीच चूक साठाव्या हिश्श्यावर येईल. चंदेरी रंगाला काळ्याचा एक थेंब जास्त झाला तरी तो मळकट होतो. पैसे वाचवण्यासाठी कमी रंग आणायचा आणि त्यामुळेच शेड हुकवून दार पुन्हा मारायचं, असा हा उलटा हिशेब.

गाडी घेऊन नगरला किंवा संभाजीनगरला जाणं दरवेळी जमत नाही. मग हुशार पेंटर एक करतो. पेट्रोल भरायच्या तोंडावरचं रंगीत झाकण स्क्रू काढून उतरवतो आणि तेवढंच एस.टी.ने किंवा ओळखीच्या माणसासोबत रंगाच्या दुकानात पाठवतो. पाठवण्याआधी ते कंपाउंड लावून घासतो, कारण उन्हाने पिटलेल्या पापुद्र्याशी रंग जुळवला तर पॉलिश केल्यावर तो परत चुकणार. दुकानदार झाकणाशेजारी रंगाच्या पट्ट्या धरतो. सोय असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटर टेकवतो. हे यंत्र ठरावीक प्रकाश टाकून परतलेला उजेड वेगवेगळ्या कोनांतून मोजतं आणि जवळचा व्हेरिएंट सुचवतं. कोन एक नसून अनेक का, ते आता पाहू.

चंदेरीची दोन तोंडं

नगरच्या रणगाडा संग्रहालयात उभे असलेले रणगाडे पाहिले तर त्यांचे निस्तेज रंग कुठूनही पाहा, साधारण सारखेच दिसतात. खरबरीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडे विखुरतो. साध्या पांढऱ्या किंवा लाल गाडीतही रंगद्रव्याचे बारीक कण उजेड चहूकडे पसरवतात. असा रंग जुळवताना मुख्य प्रश्न कोणतं द्रव्य किती, एवढाच.

चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात. रुंदी १० ते ३० मायक्रॉन, जाडी त्यापेक्षा कितीतरी कमी. प्रत्येक चकती हा इवलासा आरसा. आरसा तुमच्याकडे तोंड करून असेल तर झगझगीत, वळला तर काळोखा. म्हणून समोरून पाहिलेली चंदेरी गाडी उजळ दिसते आणि बाजूने पाहिली की करडी. धूपछाव पैठणी ज्यांनी हातात घेऊन हलवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर वळवला की कापड रंग बदलतं. पैठणीत मात्र ही करामत मागावर एकदाच ठरून जाते. गाडीत ती पेंटरच्या मनगटावर अवलंबून राहते, कारण चकत्या आडव्या बसल्या की तिरक्या, वर तरंगल्या की तळाशी गेल्या, हे फवारणीच्या त्या दोन-चार मिनिटांत ठरतं.

चकत्यांचेही प्रकार आहेत. काही कडा फाटलेल्या कॉर्नफ्लेकसारख्या, काही नाण्यासारख्या गोल. गोल चकती जास्त लखलखते. पाककृतीतली एक जात बदलून दुसरी घातली तर समोरून रंग तंतोतंत जुळेल आणि बाजूने फसेल. मालकाने दोन पावलं सरकल्यावर फरक गायब का झाला आणि परत का आला, याचं उत्तर इथे आहे. समोरून जुळणं आणि तिरकं जुळणं या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत.

मोतिया रंगांत ॲल्युमिनियमऐवजी अभ्रकाचे कण असतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ लेप असतो. त्या लेपातून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंगाची झाक देतात. मारुतीच्या पर्ल आर्क्टिक व्हाइटसारख्या मोतिया पांढऱ्यांमुळे पेंटरांचं काम वाढलं. अशा बऱ्याच रंगांत आधी साधा पांढरा बेस, त्यावर मोतिया अर्धपारदर्शक थर आणि मग लॅकर, अशी तीन पायऱ्यांची चढण असते. मोतियाचे दोन कोट मारले तर एक शेड, चार मारले तर दुसरी. म्हणून जाणता कारागीर आधी पत्र्याच्या एका लांब तुकड्यावर पांढरा बेस मारतो आणि मोतियाचा एक कोट, दोन कोट, तीन कोट अशा पायऱ्या पाडून सगळ्यावर लॅकर चढवतो. तो तुकडा गाडीला टेकवून पाहतो आणि मगच कोटांची संख्या ठरवतो.

बंदूक, थिनर आणि मे महिना

आता मूळ कोड्याकडे येऊ. एकच डबा दोन पेंटरांना अर्धा अर्धा दिला तर दोन रंग निघतील का? चंदेरी रंग असेल तर निघतील, आणि डोळ्यांना कळण्याइतके वेगळे निघतील.

कोट ओला पडला तर रंग पत्र्यावर बराच वेळ पातळ राहतो. चकत्यांना तळाकडे जायला, कलंडायला सवड मिळते आणि समोरून रंग गडद दिसतो. कोट सुका पडला तर चकत्या जिथे पडल्या तिथेच, वरच्या भागात अडकतात आणि समोरून रंग उजळ दिसतो. बंदूक जवळ धरली, हात सावकाश फिरवला, माल जास्त सोडला की कोट ओला. बंदूक लांब, हात झपझप, हवेचा दाब जास्त की कोट सुका. साधारण १५ ते २० सेंटिमीटर अंतर, १.३ ते १.४ मिलिमीटरचा नोजल, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्म्याहून जास्त चढवायचा, ही शिकवण सगळ्यांना मिळते. पण प्रत्येकाच्या हाताची चाल वेगळी असते, जशी सहीची असते.

त्यात थिनर. बाजारात जलद, मध्यम आणि सावकाश उडणारा थिनर मिळतो. शेवगाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, हवा कोरडी ठाक. अशा दुपारी जलद थिनर घालून चंदेरी रंग मारला तर थेंब पत्र्यावर पोचेपर्यंतच अर्धा सुकतो. रंग उजळ पडतो, वर खरखर येते ती वेगळीच. तोच डबा, तोच हात, डिसेंबरच्या थंड सकाळी मारला तर रंग गडद. म्हणून उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर घ्यावा लागतो आणि काम भल्या सकाळी उरकावं लागतं. सकाळी उरकण्याला आणखी एक कारण आहे. वारा सुटला की काळ्या मातीची बारीक धूळ शेडमध्ये शिरते. बूथ नसलेल्या गॅरेजमध्ये पेंटर जमिनीवर पाणी शिंपडतो, चारी बाजूंनी प्लास्टिक बांधतो आणि मग बंदूक हातात घेतो. पावसाळ्यात प्रश्न ओलाव्याचा. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि ते हवेबरोबर बंदुकीतून आलं की रंगात डोळे पडतात. टाकीच्या तळाची चावी रोज सकाळी उघडून पाणी काढणारा पेंटर निम्मी डोकेदुखी तिथेच वाचवतो.

आणखी एक बारकावा. दार उतरवून स्टँडवर आडवं ठेवून मारलं तर चकत्या एका रीतीने बसतात, उभं मारलं तर दुसऱ्या रीतीने. गाडीवर दार उभं असतं, म्हणून चंदेरी रंग मारताना ते उभंच ठेवायला हवं. लाल-पिवळ्या रंगांची खोड निराळी. त्यांची झाकणक्षमता कमी, खालच्या प्राइमरचा रंग वर डोकावतो. अर्ध्या दाराखाली पांढरा प्राइमर आणि अर्ध्याखाली गडद राखाडी असला तर वरून कितीही लाल मारा, दोन लाल दिसतील. त्यासाठी आधी खालचा राखाडी सगळीकडे एकसारखा करून घ्यायचा.

कोणत्या उजेडात पाहायचं

ट्यूबलाइटखाली जुळलेलं दार उन्हात का फसतं? उन्हात सगळे रंग कमी-अधिक सलग मिसळलेले असतात. ट्यूबच्या उजेडात काही रंगांचे उंच सुळके असतात आणि मध्ये खोल दऱ्या. दोन वेगळ्या द्रव्यांच्या मिश्रणांनी बनलेले दोन राखाडी रंग एका उजेडात अगदी सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. कारखान्याच्या रंगात जी द्रव्यं आहेत तीच दुकानाच्या टिंटरमध्ये असतील असं नाही, म्हणून हा धोका कायमचा. रंगविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था सीआयई हिने म्हणूनच प्रमाण उजेड ठरवून दिले आहेत. घरगुती पिवळ्या बल्बसारखा ‘ए’ आणि दिवसाच्या उजेडासारखा ‘डी६५’. जुळणी दोन्हींत टिकली तर खरी.

शेवगावच्या पेंटरला प्रयोगशाळा नको. त्याला लागतो तो तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा. ज्या बंदुकीने, ज्या दाबाने, ज्या हाताने दार मारायचं त्याच रीतीने तो तुकडा मारायचा, सुकू द्यायचा आणि त्यावर लॅकर चढवायचं. हा शेवटचा भाग गाळून चालत नाही. सुकलेला बेस कोट निस्तेज, पांढुरका दिसतो. लॅकर चढल्यावरच त्याला खोली येते आणि तो गडद होतो. लॅकर नसलेला तुकडा गाडीशी जुळवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. तयार तुकडा गाडीच्या पत्र्याला अगदी चिकटवून, त्याच कलात धरायचा. आधी उघड्यावर सावलीत, मग उन्हात, मग ट्यूबखाली. समोरून, तिरकं आणि जवळजवळ पत्र्याच्या रेषेत डोळा आणून पाहायचं. एकटक पाहू नये. काही सेकंदांत डोळा सरावतो आणि फरक गिळून टाकतो. पहिल्या नजरेला जे खटकतं तेच खरं.

जिथे इजा नाही तिथला रंग

इतकं सगळं करून जुळणी किती बरोबर येते? उत्तम कारागीर उत्तम डबा घेऊनही बऱ्याचदा अगदी जवळ येतो, तंतोतंत येत नाही. गाडी सहा वर्षांची असेल तर तिचा रंग सहा उन्हाळे सोसून बदललेला आहे. बॉनेट आणि छत जास्त, दारं कमी. ‘गाडीचा रंग’ म्हणून एकच रंग उरलेलाच नाही, तर तंतोतंत जुळवायचं कशाशी?

इथे रंगकामाची सगळ्यात हुशार युक्ती येते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने १८३९ साली, गोब्लँच्या गालिचे-कारखान्यातल्या रंगांचा अभ्यास करून दाखवून दिलं की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांतला फरक वाढवून दाखवतात. डोळा रंगाची उडी टिपण्यात तरबेज आहे. उतार टिपण्यात तो कच्चा आहे. नवं दार आणि जुना फेंडर एका बारीक फटीच्या दोन बाजूंना, एकाच पातळीत उभे असतात. उडी दिसायला याहून वाईट जागा नाही. मग ती उडी तिथून हलवायची आणि हातभर अंतरात पसरवून तिचा उतार करायचा.

म्हणून शेवगावच्या एखाद्या शेडमध्ये असा संवाद होतो:

“मिस्त्री, नुसतं दार करा. फेंडरला काय झालंय? चांगला आहे तो.”

“चांगला आहे म्हणूनच त्याच्यावर न्यायचाय रंग, भाऊ. दाराच्या कडेला थांबलो तर उद्या उन्हात तुम्हीच मला बोलवाल.”

प्रत्यक्षात हे असं होतं. दारावरचा प्राइमरचा डाग पहिल्या कोटात झाकतात. दुसरा कोट त्याच्या वीतभर पुढे नेतात. पुढचे कोट आणखी पातळ करून दाराच्या कडेपलीकडे पुढच्या फेंडरवर आणि मागच्या दारावर नेतात, तेही हात हळूहळू पत्र्यापासून लांब करत, म्हणजे नवा रंग विरळ होत होत जुन्यात मुरून जातो. त्याआधी शेजारचे पत्रे १०००-१५०० नंबरच्या पेपरने किंवा राखाडी स्क्रबरने मंद करून घेतलेले असतात, कारण चकचकीत पृष्ठभागावर नवा थर धरत नाही. रंग फेंडरच्या मध्यावर संपतो, पण लॅकर फेंडरच्या शेवटच्या कडेपर्यंत जातं. लॅकर मधेच तोडलं तर काही महिन्यांनी त्याची कड उघडी पडते, सोलते आणि नकाशा उमटतो. रंगाची सीमा लॅकरखाली लपते, लॅकरची सीमा पत्र्याच्या कडेला लपते. मग जो थोडा फरक राहिला असेल तो मीटरभर लांबीत पसरतो आणि कुणाच्याही नजरेत येत नाही.

म्हणजे पेंटरने रंग जुळवला तो पत्र्याशी कमी आणि बघणाऱ्याच्या डोळ्याशी जास्त. यात फसवणूक नाही. कारखान्यानेही बंपर आणि फेंडरच्या बाबतीत हेच केलेलं असतं. दोघांच्या मध्ये घडी, वळण किंवा दिवा ठेवून नजरेला तुलनाच करू दिलेली नसते.

बिलात काय पाहावं

मालकाच्या खिशाशी या सगळ्याचा संबंध आहे. विम्याच्या नियमांत रंगकामातल्या फक्त मालाच्या किमतीवर ५० टक्के घसारा लागतो. माल आणि मजुरी वेगळी न दाखवता एकत्र बिल दिलं तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम माल धरली जाते. म्हणजे ८,००० रुपयांच्या एकत्र बिलात माल २,००० आणि त्यावरचा घसारा १,००० रुपये. बाकी रक्कम पॉलिसीच्या इतर अटींप्रमाणे मिळते. शून्य घसाऱ्याची जोड-पॉलिसी असेल तर हा हिशेब बदलतो. सर्व्हेअरने फक्त दार मंजूर केलं असेल तर शेजारच्या पत्र्यांवर रंग का न्यावा लागतो, हे पेंटरने काम सुरू होण्याआधी दाखवून द्यायला हवं. काम झाल्यावरचा वाद सहसा मालकाच्या अंगावर येतो.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी जाडीमापक हे स्वस्त आणि खरं बोलणारं साधन आहे. पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉन दाखवतं. १०० ते १५० दिसले तर बहुधा कारखान्याचा रंग, २००-३०० दिसले तर पुन्हा मारलेला, ५००च्या वर गेले तर खाली पुट्टी. मात्र २५० आकडा पाहून लगेच गाडी ठोकलेली आहे असं म्हणू नये. तो शेजारच्या दारासाठी रंग मुरवलेला निरोगी फेंडरही असू शकतो. पुट्टीचा आकडा कुठे आहे आणि नुसत्या लॅकरचा कुठे, हे पाहिलं की मार नेमका कुठे बसला ते कळतं.

आणि पेंटरचा मास्क पाहावा. लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासात गेल्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की थोड्या वासानेही झटका येतो. नाकाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, ही वाफ अडवत नाही. त्यासाठी काडतुसाचा मास्क लागतो, आणि बंद शेडमध्ये तोही कमी पडतो, बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवावी लागते.

गॅरेज निवडताना भाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. लॅकर चढवलेला नमुना-तुकडा उन्हात दाखवणार का? रंग शेजारच्या पत्र्यावर मुरवणार का? आणि लॅकर कुठे थांबवणार? ‘कंपनीचा कोड आहे, शंभर टक्के जुळेल’ असं उत्तर आलं तर समजावं की हा माणूस डब्यावर विसंबून आहे. ‘तुकडा मारून बघू, फेंडरवर थोडा न्यावा लागेल, पैसे वाढतील’ असं उत्तर आलं तर ते वाढीव पैसे द्यावेत. न दुखावलेल्या पत्र्यावर झालेलं ते काम बिलात महाग वाटतं, पण दुखावलेलं दार उन्हात ओळखू येत नाही ते त्याच कामामुळे.